दुपारी दोनचा पेपर

मे महिन्यातली सीए फायनलची परीक्षा दुपारी दोनला सुरू होते. पावणेदोनला प्रश्नपत्रिका हातात येते, पंधरा मिनिटं ती वाचायला मिळतात आणि दोन ते पाच या तीन तासांत पेपर उरकायचा असतो. सहावा पेपर तेवढा चार तासांचा, तो सहापर्यंत चालतो. अकोला, चंद्रपूर, नागपूर या भागात त्या वेळी पारा बऱ्याचदा ४२ अंशांच्या वर असतो. मुंबई-ठाण्यात तो बराच खाली असला तरी घाम वाळत नाही. दोन ग्रुप, प्रत्येकी तीन पेपर, प्रत्येक पेपरात किमान ४० गुण आणि ग्रुपमध्ये एकूण निम्मे, म्हणजे ३०० पैकी १५०, असा हा हिशोब आहे. एकच ग्रुप देणाऱ्याला ४०, ४० आणि ६९ गुण मिळाले, तर तो एका गुणासाठी नापास होतो. मे २०२४ मध्ये दोन्ही ग्रुपना एकदम बसलेल्या ३५,८१९ विद्यार्थ्यांपैकी ७,१२२ जण उत्तीर्ण झाले, टक्केवारी १९.८८. पाचांतल्या चौघांना पुन्हा बसावं लागलं. हे चौघे आळशी होते असं म्हणणं सोपं आहे, पण ते पटणारं नाही. इथवर पोचलेला प्रत्येक जण इंटरमीजिएटच्या चाळणीतून आलेला असतो, आर्टिकलशिप, म्हणजे ऑफिसातली उमेदवारी, पूर्ण केलेला असतो आणि परीक्षेपूर्वीचे कित्येक महिने अभ्यासिकेत दिवसाचे दहा-बारा तास बसलेला असतो. श्रम कमी पडले हे स्पष्टीकरण फार थोड्यांना लागू पडतं. बाकीच्यांच्या बाबतीत विचारायला हवं ते हे, की त्या दहा-बारा तासांत नेमकं काय चालू होतं.

बहुतेक वेळा वाचन चालू होतं. पहिलं वाचन, मग पहिली रिव्हिजन, मग दुसरी, मग जमली तर तिसरी. परीक्षार्थी एकमेकांना विचारतात तेही हेच: एफआरच्या, म्हणजे फायनान्शियल रिपोर्टिंगच्या, किती रिव्हिजन झाल्या, ऑडिट किती वेळा झालं. तयारीचं माप पुस्तकातून किती वेळा नजर फिरली यावर ठरतं. माझं म्हणणं असं, की हे मापच चुकीचं आहे, आणि ते चुकीचं असल्यामुळे सहा महिन्यांचे कष्ट भलत्या जागी खर्ची पडतात. परीक्षेत पुस्तक समोर नसतं. तिथे डोक्यात गेलेलं बाहेर काढावं लागतं, तेही घड्याळ लावून, हाताने लिहून, भर दुपारी. आत घालणं आणि बाहेर काढणं या दोन वेगवेगळ्या क्रिया आहेत, आणि पहिलीचा कितीही सराव केला तरी दुसरी आपोआप जमत नाही. म्हणून तयारीचं एकक वाचलेलं पान नसावं. पुस्तक मिटून लिहिलेलं उत्तर असावं.

याला आधार आहे तो स्मरणशक्तीवरच्या प्रयोगांचा. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग साधा आहे. कॉलेजातल्या मुलांना छोटे माहितीपर उतारे वाचायला दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी उतारा बाजूला ठेवून आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते: त्यांना ८१ टक्के मजकूर आठवला, लिहून काढणाऱ्यांना ७५ टक्के. दोन दिवसांनी आकडे उलटले, वाचणारे ५४ आणि लिहिणारे ६८. आठवड्याने वाचणारे ४२ वर आले, लिहिणारे ५६ वर होते. त्याच अभ्यासातल्या दुसऱ्या प्रयोगात फरक आणखी ठळक झाला. एका गटाने चार सत्रं नुसतं वाचन केलं. या गटातल्या मुलांनी सरासरी १४ वेळा उतारा वाचून काढला. दुसऱ्या गटाने एकच सत्र वाचलं, म्हणजे सरासरी तीन-साडेतीन वेळा, आणि उरलेली तीन सत्रं आठवून लिहिण्यात घालवली. आठवड्यानंतर पहिल्या गटाला ४० टक्के आठवलं, दुसऱ्याला ६१ टक्के. मला मात्र यातली तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. आपल्याला हे आठवड्यानंतर किती आठवेल, असा अंदाज मुलांना आधीच विचारला होता. सर्वांत जास्त खात्री वाटत होती ती चौदा वेळा वाचणाऱ्यांना.

ही खोटी खात्री कशी तयार होते ते ऑडिटच्या एका प्रश्नावरून पाहू. ऑडिटिंग मानक ५७० हे ‘गोइंग कन्सर्न’विषयी आहे: कंपनी पुढेही चालू राहील या गृहीतावर तिचे हिशोब मांडलेले असतात, तर त्या गृहीताबाबत लेखापरीक्षकाने काय पाहायचं आणि अहवालात काय म्हणायचं. मजकूर वाचताना सगळं सरळ वाटतं. कंपनी टिकेल की नाही याबद्दल मोठी अनिश्चितता आहे, पण आर्थिक विवरणांत ती पुरेशी उघड केली आहे, तर मत बदलायचं नाही. अहवालात त्यासाठी वेगळ्या मथळ्याचा स्वतंत्र भाग घालायचा. अनिश्चितता आहे आणि ती पुरेशी उघड केलेली नाही, तर परिस्थितीनुसार क्वालिफाइड किंवा अ‍ॅडव्हर्स मत. आणि कंपनी चालू राहील हे गृहीतच अयोग्य असूनही हिशोब त्यावरच मांडले असतील, तर अ‍ॅडव्हर्स. तिसऱ्यांदा वाचणाऱ्याची नजर या तीन वाक्यांवरून घसरत जाते, प्रत्येक वाक्य ओळखीचं वाटतं आणि पान उलटतं. पेपरात मात्र ही तीन वाक्यं नसतात. तिथे एक कंपनी असते, तिचं निव्वळ मूल्य ऋण झालेलं असतं, बँकेने कर्जाचं नूतनीकरण नाकारलेलं असतं, संचालकांनी टिपेत दोन ओळी लिहिलेल्या असतात, आणि एक कनिष्ठ सहकारी सुचवत असतो की ‘एम्फॅसिस ऑफ मॅटर’चा परिच्छेद टाकला की झालं. या दोन ओळी म्हणजे पुरेसं उघड करणं आहे की नाही, एम्फॅसिसचा परिच्छेद मानक ७०६ मधला आणि हा स्वतंत्र भाग ५७० मधला, मग एकाच्या जागी दुसरा चालेल का, हे ठरवायचं असतं. तिन्ही वाक्यं ज्याला ओळखता येतात त्याला त्यातलं योग्य वाक्य योग्य जागी उभं करता येईलच असं नाही. ओळख पटणं आणि आठवणं यांत एवढं अंतर आहे, आणि ते पुस्तक उघडं असेपर्यंत कळत नाही.

इथे कोणी म्हणेल की प्रयोगशाळेतले छोटे उतारे आणि हजारो पानांचा व्यावसायिक अभ्यासक्रम यांची तुलना कशी करायची. आक्षेप रास्त आहे. छोटा उतारा आणि इंड-एएसचे, म्हणजे भारतीय लेखा मानकांचे, खंड एकच नव्हेत. पण व्यावसायिक शिक्षणातही हा प्रयोग झाला आहे. डग्लस लार्सन, अँड्र्यू बटलर आणि रोडिगर यांनी निवासी डॉक्टरांना दोन आजारांविषयी शिकवलं. एका विषयावर त्यांच्या पुन्हा पुन्हा चाचण्या घेतल्या आणि उत्तरं दाखवली, दुसऱ्या विषयाचं टिपण पुन्हा पुन्हा वाचायला दिलं. सहा महिन्यांनी तपासलं, तर चाचण्या दिलेल्या विषयात सरासरी ३९ टक्के गुण होते आणि वाचलेल्या विषयात २६. हे २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. हे निवासी डॉक्टर कामात बुडालेले, थकलेले, अभ्यासाला वेळ नसलेले लोक होते. आपल्या आर्टिकलशिप करणाऱ्यांशी त्यांची परिस्थिती बरीच जुळते. दोन्ही आकडे कमीच आहेत हेही पाहण्यासारखं आहे. सहा महिन्यांत माणूस पुष्कळ विसरतो, कसाही अभ्यास केला तरी. पण ज्या परीक्षेत पास-नापास ४० आणि ५० या रेषांवर ठरतं, तिथे असा १३ टक्क्यांचा फरक फार मोठा असतो.

दुसरा आक्षेप वेळेचा, आणि तो मनापासूनचा असतो: पोर्शन एवढा मोठा आहे की वाचूनच संपत नाही, मग लिहायला वेळ कुठून काढायचा. याचं उत्तर वरच्याच आकड्यांत आहे. चौदा वेळा वाचणारा आणि तीन-साडेतीन वेळा वाचून लिहिणारा या दोघांची सत्रं सारखीच, चार-चार होती. लिहिण्याचा वेळ वाचनाच्या वरती जोडायचा नाही, वाचनातून कापून घ्यायचा आहे. पहिलं वाचन अर्थातच टाळता येत नाही. जे कधी आत गेलंच नाही ते बाहेर येणार कुठून? पण पहिल्या वाचनानंतरची प्रत्येक फेरी प्रश्नापासून सुरू करता येते. परीक्षा घेणाऱ्या इन्स्टिट्यूटचे रिव्हिजन टेस्ट पेपर (आरटीपी) आणि मॉक टेस्ट पेपर, मागच्या परीक्षांची सुचवलेली उत्तरं हे सगळं विनामूल्य उपलब्ध असतं. अडचण एवढीच की बहुतेक जण तेही वाचतात. प्रश्न वाचतात, लगेच खालचं उत्तर वाचतात, मान डोलावतात आणि पुढे जातात. ही रिव्हिजनच झाली, फक्त पुस्तक बदललं. उत्तर हाताने झाकून आधी स्वतःचं चार ओळींचं उत्तर लिहिलं तरच त्या प्रश्नाचा उपयोग. पूर्ण वाक्यांची गरज नाही. मुद्दा, मानकाचा क्रमांक, निष्कर्ष एवढं पुरतं. हे चुकलं तर चांगलंच, कारण मग ताडून पाहताना डोळे नेमक्या कुठल्या ओळीवर थांबायला हवेत ते कळतं.

वेळ वाचवण्याचा आणखी एक मार्ग म्हणजे फेऱ्यांमधलं अंतर. निकोलस सेपेडा आणि सहकाऱ्यांनी साडेतेराशेहून अधिक लोकांवर केलेल्या, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दोन अभ्यासांमधलं अंतर आणि अंतिम चाचणीपर्यंतचा काळ, दोन्ही बदलून पाहिले. चाचणी आठवड्यावर असेल तर एका दिवसाचं अंतर सर्वांत फायद्याचं ठरलं; ३५ दिवसांवर असेल तर ११ दिवसांचं, ७० दिवसांवर असेल तर २१ दिवसांचं. त्यांनी किरकोळ सामान्यज्ञान वापरलं होतं, त्यामुळे हे आकडे आपल्या वेळापत्रकात जसेच्या तसे उतरवण्यात अर्थ नाही. दिशा मात्र स्पष्ट आहे: परीक्षा दूर असताना फेऱ्या लांब ठेवाव्यात, ती जवळ येईल तशा आखडत न्याव्यात. आपल्याकडची प्रचलित पद्धत याच्या उलट आहे. फेब्रुवारीत वीस दिवस सलग एफआर, मग वीस दिवस सलग डायरेक्ट टॅक्स, असे विषय एकेक करून ‘संपवले’ जातात आणि संपलेल्या विषयाकडे एप्रिलअखेरीपर्यंत कोणी वळत नाही. तोवर तो जवळजवळ नव्याने करावा लागतो.

सलग एकच प्रकार सोडवण्याचा तोटा तर याहून खोल आहे. डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या घनाकृतींचं आकारमान काढायला शिकवलं. एका गटाने एकेका आकृतीची गणितं सलग सोडवली, दुसऱ्याने सगळी मिसळून. सरावाच्या वेळी सलग सोडवणाऱ्यांची ८९ टक्के उत्तरं बरोबर, मिसळणाऱ्यांची ६०. आठवड्यानंतरच्या चाचणीत सलगवाले २० वर घसरले, मिसळणारे ६३ वर होते. कारण उघड आहे. सलग सोडवताना कोणतं सूत्र लावायचं हा प्रश्नच उद्भवत नाही, ते धड्याच्या शीर्षकातच दिलेलं असतं. सीए फायनलच्या पेपरात धड्याचं शीर्षक नसतं. ३० टक्के गुण प्रसंगांवर बेतलेल्या बहुपर्यायी प्रश्नांना आहेत. एकाच प्रसंगात भाडेकरार, महसूल आणि आर्थिक साधनं अशी तीन मानकं गुंफलेली असू शकतात, आणि कुठे कोणतं लावायचं हे ओळखण्यातच अर्धी लढाई असते. ज्याने भाडेकराराच्या इंड-एएस ११६ ची तीस गणितं ओळीने सोडवली त्याला ११६ येतं, पण समोरचा करार ११६ मध्ये येतो की महसुलाच्या ११५ मध्ये, हे ठरवण्याचा सराव त्याला एकदाही झालेला नसतो. मिसळून सोडवताना जास्त चुका होतात, हुरूप खचतो, आपलं काहीच झालेलं नाही असं वाटतं. ते सहन करावं लागतं, कारण सरावातल्या ज्या चुकांनी मार्चमध्ये वाईट वाटतं त्याच चुका मे महिन्यात गुण खातात.

सहाव्या पेपराचा दाखला देऊन कोणी विचारेल, की इंटिग्रेटेड बिझनेस सोल्युशन्स तर पुस्तक उघडं ठेवून द्यायचा पेपर, मग त्याला आठवण्याचा सराव कशाला. उलट त्यालाच तो जास्त हवा. चार तासांत अनेक विषयांची सरमिसळ असलेले प्रसंग सोडवायचे असतात. ज्याला काय शोधायचं हे ठाऊक नाही तो अनुक्रमणिका चाळत बसतो. पुस्तक कलमाचे शब्द पुरवेल. कोणतं कलम हा विचार डोक्यातूनच यावा लागतो.

आठवण्याचा हा सराव म्हणजे घोकंपट्टीच, असंही कोणी म्हणेल; पण घोकंपट्टीची बदनामी करताना आपण एक गोष्ट विसरतो. महाराष्ट्रातल्या घराघरांत दिवेलागणीला पाढ्यांचा परवचा म्हटला जायचा, तो पुस्तक न उघडता. मूल तोंडाने पाढा म्हणायचं, चुकलं की मोठं माणूस तिथल्या तिथे दुरुस्त करायचं, आणि दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा. मिटलेलं पुस्तक, तात्काळ दुरुस्ती, दिवसाआडची नव्हे तर रोजची फेरी: आधुनिक संशोधनात जे सिद्ध झालं त्याचे सगळे घटक त्यात होते. समजुतीचा अभाव हा त्या पद्धतीचा दोष असेल, आठवून म्हणण्याचा भाग दोषाचा नव्हता. आज अभ्यासिकेत दोघातिघांनी संध्याकाळी बाहेर उभं राहून एकमेकांना सेक्शन आणि मानकं विचारणं हा त्याचाच पुढचा अवतार आहे, आणि चहाच्या वेळेतला तो अर्धा तास आतल्या दोन तासांच्या अधोरेखनापेक्षा मोलाचा असण्याची शक्यता मला जास्त दिसते. जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा तंत्रांचा आढावा घेतला, त्यात सर्वाधिक उपयुक्त म्हणून दोनच निवडली गेली: स्वतःची चाचणी घेणं आणि अभ्यास अंतराअंतराने विभागणं. रंगीत पेनने खुणा करणं आणि पुन्हा वाचणं ही कमी उपयोगाच्या रांगेत होती.

पण माणूस आठवतो ते शरीरासह, आणि मे महिन्यात शरीराचं म्हणणं वेगळं असतं. उन्हाळ्यात परीक्षा अवघड जाते ही तक्रार नुसती कुरकुर नाही. अर्थशास्त्रज्ञ जिसंग पार्क यांनी न्यूयॉर्क शहरातल्या जूनमध्ये होणाऱ्या शालेय परीक्षांचे निकाल तपासले, तेव्हा सुमारे ३२ अंश सेल्सिअसच्या दिवशी दिलेल्या पेपरात २४ अंशांच्या दिवसाच्या तुलनेत गुण स्पष्टपणे घसरलेले आढळले. ३२ अंश, आपल्याकडे मे महिन्यात हे सुखाचं तापमान मानतात. बॉस्टनमध्ये २०१६ च्या उष्णतेच्या लाटेत ४४ विद्यार्थ्यांची रोज सकाळी मोबाइलवर चाचणी घेतली. वातानुकूलन नसलेल्या वसतिगृहातल्या मुलांची उत्तरं सुमारे १३ टक्क्यांनी मंद होती. ही तरुण, निरोगी मुलं होती. आपल्या बहुतेक परीक्षार्थींकडे पंखा असतो, विदर्भ-मराठवाड्यात कूलर असतो. कोरड्या हवेत कूलर छान चालतो, पण मुंबई-कोकणातल्या दमट हवेत तो ओल वाढवण्यापलीकडे फार काही करत नाही. आणि तापमान ४० च्या वर गेलं की नुसत्या पंख्यावर विसंबू नये असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते, कारण मग तो गरम हवाच अंगावर फेकतो.

यातून अभ्यासाची वेळ कशी ठरवायची? नवं, कठीण, पहिल्यांदा समजून घ्यायचं ते पहाटे आणि सकाळी, हवा गार असताना. दुपार चाचणीसाठी ठेवावी. रात्री दोनपर्यंत जागून सकाळी दहाला उठण्याची अभ्यासिकेतली रीत शांततेसाठी चांगली असेल, पण तिने दिवसातला सगळ्यात थंड वेळ झोपेत जातो आणि शरीराला दुपारी दोनला तीन तास एकाग्र होण्याची सवय कधी लागतच नाही. जेवणानंतरची दुपारची सुस्ती आळसामुळे येत नाही. शरीराच्या दैनंदिन लयीतच तिची जागा आहे. म्हणून एप्रिलपासून आठवड्यात दोनदा तरी पूर्ण पेपर दुपारी दोन ते पाच याच वेळेत, हाताने लिहून सोडवावा. १०० गुणांना १८० मिनिटं म्हणजे एका गुणाला एक मिनिट ४८ सेकंद. ३० गुणांच्या बहुपर्यायी प्रश्नांना ५४ मिनिटं, उरलेल्या ७० गुणांना १२६. आठ गुणांच्या प्रश्नाला १४ मिनिटांहून थोडी जास्त. हा हिशोब पाठ करून उपयोग नाही, तो हाताला कळावा लागतो, आणि तो एसी लावलेल्या खोलीत रात्री अकराला कळत नाही. मुद्दाम उन्हात बसून अंगाला त्रास द्यावा असं मी म्हणत नाही. पाणी, ताक, पन्हं, हलकं जेवण हे सगळं सराव पेपराच्या दिवशीही तसंच असावं, जसं परीक्षेच्या दिवशी असणार आहे.

हे सारं ओझं विद्यार्थ्यावर टाकून भागणार नाही हेही म्हटलं पाहिजे. पेपर दुपारी दोनला ठेवणं हा नियतीचा निर्णय नाही. महाराष्ट्रातल्या शाळा उन्हाळ्यात सकाळी भरतात ते याच कारणासाठी. मेमधले पेपर सकाळी दहाला सुरू झाले, तर ते एकला संपतील. यावर एक अडचण सांगता येईल: हा पेपर एकाच वेळी परदेशातल्या केंद्रांवरही होतो, दुबई आणि मस्कतला साडेबाराला, दोहा आणि रियाधला साडेअकराला. त्या केंद्रांवर पुण्या-मुंबईहून गेलेल्या कुटुंबांतलीही मुलं बसतात. पण आपल्याकडचे दहा म्हणजे दुबईचे साडेआठ आणि दोह्याचे साडेसात. पहाटे उठावं लागेल, अशक्य काही नाही. आखातातल्या उन्हाळ्यात तर तीच वेळ बरी. बदल झाला तर सर्वांत जास्त फायदा त्यांचा होईल ज्यांच्या केंद्रावर फक्त पंखे आहेत.

वेळ बदलेपर्यंत विद्यार्थ्याच्या हातात उरते ती झोप, आणि तिच्याविषयी एक अभ्यास फार उपयोगाचा आहे. एमआयटीतल्या रसायनशास्त्राच्या वर्गातल्या मुलांना मनगटावर झोप मोजणारी पट्टी दिली आणि सत्रभराच्या गुणांशी ताडून पाहिलं. हे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. परीक्षेच्या आदल्या रात्रीच्या झोपेचा गुणांशी संबंध दिसला नाही. आधीच्या आठवड्याच्या आणि महिन्याच्या झोपेचा दिसला. यात दिलासा आहे आणि इशाराही. आदल्या रात्री उकाड्याने किंवा काळजीने डोळा लागला नाही म्हणून सगळं संपलं असं समजू नये. पण एप्रिलभर रोज चार-पाच तास झोपून शेवटच्या रात्री आठ तास झोपल्याने भरपाई होईल ही आशाही धरू नये.

आता शेवटचा आणि सर्वांत भक्कम आक्षेप. दोन पेपरांमध्ये साधारण एका दिवसाची सुट्टी असते. एक पेपर पाचला संपला की पुढचा परवा दोनला, म्हणजे ४५ तास. या ‘दीड दिवसा’त अख्खा विषय नजरेखालून घालता आला तर पास, ही परीक्षार्थींमधली जुनी श्रद्धा आहे, आणि ती निराधार नाही. पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत वाचणारेच पुढे होते, हे रोडिगर आणि कार्पिकी यांनीही दाखवलं आहे. काही तासांनीच वापरायचं असेल तर वाचन हे सर्वांत जलद साधन आहे. म्हणून शेवटच्या सकाळी वाचावंच: दुरुस्त्या, मर्यादांचे आकडे, मानकांचे क्रमांक, टॅक्समधल्या मुदती, जे जे रटाळ आणि निसटतं आहे ते. चूक होते ती या शेवटच्या दिवसाच्या अनुभवावरून सहा महिन्यांची पद्धत ठरवण्यात. जो विषय आधीच चार वेळा डोक्यातून बाहेर काढलेला आहे तोच दीड दिवसात नजरेखालून जाऊ शकतो; जो फक्त वाचलेला आहे त्याची तिसरी रिव्हिजनही पाच दिवस मागते. शिवाय दीड दिवसाचा भरवसा देता येत नाही. मे २०२४ मध्ये लोकसभेच्या मतदानामुळे वेळापत्रक बदललं आणि काही पेपरांमध्ये चार-चार दिवसांचं अंतर पडलं. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान तणावामुळे ९ ते १४ मेदरम्यानचे पेपर पुढे ढकलले गेले आणि १६ ते २४ मेमध्ये झाले. आदल्या रात्री घाईने भरलेलं डोकं आठवडाभर तसंच भरलेलं राहत नाही, हे तेव्हा अनेकांना सोसावं लागलं असणार. ज्यांची तयारी लिहून पक्की झाली होती त्यांना त्या आठवड्याने कमी मारलं असेल.

त्या ४५ तासांतही थोडी जागा आठवण्यासाठी राखता येते. मधल्या दिवशी दुपारी दोनला, पुस्तक मिटून, कोऱ्या कागदावर त्या विषयाचे धडे आणि प्रत्येकाखाली दोन-तीन मुद्दे लिहून काढायला तासभर पुरतो. जिथे कागद रिकामा राहील तिथे संध्याकाळचं वाचन वळवावं, जिथे भरला तिथे वेळ घालवू नये. तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिका पुन्हा सोडवण्याची ही वेळ नव्हे. परीक्षेच्या दिवशी सकाळी अकरानंतर नवं काही उघडू नये, केंद्रावर उन्हातून दगदग करत पोचण्याऐवजी अर्धा तास आधी सावलीत असावं. पावणेदोनला प्रश्नपत्रिका मिळाली की पहिल्या पंधरा मिनिटांत कोणता ऐच्छिक प्रश्न सोडायचा ते ठरवावं. बहुपर्यायी प्रश्नांत चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, त्यामुळे त्या तीस गुणांतलं एकही उत्तर कोरं ठेवून उठायचं कारण नाही.